बांधणारे आणि सोडवणारे

मुठीत रक्त धरून उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

काचेची बारीक नळी, तिच्यात जेमतेम बोटाच्या पेराएवढं रक्त, आणि ती नळी उजव्या मुठीत धरून आमच्या लॅबचे टेक्निशियन काका खिडकीशी उभे. डाव्या हातात जुनं चावीचं घड्याळ. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला मूठ उघडायची, नळी तिरपी करायची, रक्त अजून हलतंय की गोठलं ते बघायचं आणि मूठ पुन्हा बंद. त्या वेळात कोणीही बोललं तरी ते उत्तर देत नसत. दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष एकदा दारात येऊन उभे होते, तर काकांनी त्यांना डोळ्यांनीच 'थांबा' सांगितलं होतं. अध्यक्ष थांबले आणि मग कंटाळून निघून गेले.

मी एकोडीची. भंडाऱ्याला लॅबचा डिप्लोमा केला आणि या दवाखान्यात लागले. पहिल्या दिवशी काकांनी नाव विचारलंच नाही.

"गाव कोणतं?"

"एकोडी."

"बरं. एकोडी, हात धू अन् त्या नळ्या पूस."

पुढे आठ वर्षं मी एकोडीच होते. ते सगळ्यांनाच गावाच्या नावानं हाक मारायचे. पेशंटची नावं रजिस्टरमध्ये, तोंडात फक्त गावं. स्वतः सानगडीचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायचे आणि जेवण उभ्यानं करायचे. दह्याला हात लावत नसत. कारण विचारलं की म्हणायचे, "दिवसभर तेच पाहून राहिलो न मी."

हे दही म्हणजे लघवीतलं. लघवीत प्रथिनं जातात का ते बघायला आमच्याकडे रंगाच्या पट्ट्या होत्या. काका त्या वापरत, पण त्यांचा भरवसा स्पिरिटच्या दिव्यावर. नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग तापवायचा, दोन थेंब व्हिनेगर टाकायचं. निवळ राहिली तर ठीक. धुकं आलं तर वाईट. दह्यासारखी फुटली तर फार वाईट. सुजलेलं लेकरू घेऊन आलेल्या प्रत्येक आईला ते समोर बसवून हे शिकवायचे. बायका लाजायच्या, तोंडाला पदर लावायच्या. ते ओरडायचे, "लाजून राहिली काहून? लेकरू तुहं हाये का माह्यं?"

सुजलेली लेकरं ही त्यांची खास माणसं. आमच्या भागात ती यायचीच. सकाळी डोळे सुजलेले, मग पाय, मग पोट. गावात आधी अंगावरून कोणी उतरवून टाकायचं, नंतर दवाखाना. डॉक्टर त्याला नेफ्रोटिक म्हणतात. किडनीची चाळणी सैल होते आणि रक्तात राहायला हवं ते लघवीवाटे जातं. गोळ्यांनी बहुतेक लेकरं बरी होतात, मग पुन्हा सुजतात, पुन्हा बरी होतात. लोक सुजेला घाबरायचे. काका सुजेला घाबरत नसत, ते त्या लेकरांच्या रक्ताला घाबरायचे.

कोपऱ्यात गोठण्याचा वेळ मोजणारं यंत्र होतं. मी एकदा म्हटलं, "काका, मशीन आहे ना. नॉर्मल दाखवतं."

"मशीनले नॉर्मलच दिसते. म्हणून तर मूठ लागते." ते नळ्या विसळत होते. मग आपणच बोलायला लागले. "रक्तात दोन तऱ्हेचे लोक रायतेत, एकोडी. एक बांधणारे, एक सोडवणारे. बोट कापलं का बांधणारे धावतेत, गाठ मारतेत. सोडवणारे मांगून येतेत अन् म्हणतेत, बस झालं, आता रस्ता मोकळा ठेवा. दोघं बराबर तं माणूस बराबर. या लेकरायचे सोडवणारे लहान हायेत, चाळणीतून वाहून जातेत. बांधणारे मोठे. ते आतच अटकतेत. आता सांग, राज कोणाचं?"

पुस्तकात मी हे तीन ओळींत पाठ केलं होतं, अँटिथ्रॉम्बिन वगैरे नावांसकट, आणि परीक्षेनंतर विसरून गेले होते.

बांधणाऱ्यांच्या त्या राजाला आळा घालायचे काकांचे उपाय सगळ्या दवाखान्याला त्रासदायक होते. सुजलेल्या लेकराला ते खाटेवर पडू देत नसत. "पडलं का रक्त बसते," म्हणत हात धरून व्हरांड्यात चालवायचे. सिस्टर वैतागायच्या. आणि जांघेतून रक्त काढायला त्यांचा विरोध होता, टोचलेल्या शिरेत गाठ होते म्हणून. विरोध हा शब्दही कमीच पडेल.

सुजलेल्या हातात शीर सापडत नाही. जांघेत मोठी शीर असते, सुई टोचली की काम होतं. नवे डॉक्टर आले होते, हुशार आणि घाईचे. साकोलीकडचं एक दीड वर्षाचं बाळ होतं. हातावर चार वेळा टोचून झालं, मग डॉक्टरांनी त्याची लंगोट सोडली. काका पुढे झाले आणि आपला पंजा त्या बाळाच्या जांघेवर ठेवला.

"साहेब, इथं सुई नाही लागन."

"काका, हात काढा."

"माह्या हातात टोचा. मंग जा पुढं."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. बाळाची आई भिंतीला टेकून रडत होती. डॉक्टर बाहेर गेले. काकांनी गरम पाण्यात फडकं भिजवलं, बाळाच्या मनगटाला गुंडाळलं, थंड झालं की पुन्हा भिजवलं. तासाभरानं हाताच्या मागच्या बाजूला केसाएवढी शीर दिसली. त्यांनी एका टोचण्यात रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांना लेखी माफी मागावी लागली. ती त्यांनी मागितली. खाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'पुन्हा असं झालं तर पुन्हा हात ठेवीन.'

आंबागडची मुलगी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा आठ वर्षांची होती. बाप जंगलखात्याच्या कामावर मजुरीला जायचा, आई दुसऱ्यांच्या धानात रोवण्याला. मुलीचे डोळे सुजून दोन चिरा झाल्या होत्या आणि त्या चिरांमधून ती सगळ्यांना बारकाईनं बघत होती. काकांनी तिला चालायला लावलं तर म्हणाली, "तुमी चालान तं मी चालीन." मग काय. मुठीत कोणाचं तरी रक्त धरून काका पुढे आणि आईच्या लुगड्याचं टोक धरून ती मागे, अशी वरात रोज व्हरांड्यातून निघायची.

एक दिवस ती अडून बसली. "माह्यं रक्त माह्या मुठीत द्या."

मला वाटलं, काका ओरडतील. पण त्यांनी नळी तिच्या मुठीत दिली, वरून आपली मूठ धरली. घड्याळ माझ्याकडे. तिनं एकदा तिरपी करून बघितली, दोनदा बघितली.

"थांबलं," ती म्हणाली.

"नाई, अजून टाइम हाये. पाह्य बरोबर."

"थांबलं न काका. हे पाहा."

काकांनी नळी उलटी केली. रक्त पडलं नाही. मी वेळ सांगितला, नेहमीच्या निम्म्याहून कमी. त्यांनी तो लिहिला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल, अजून एक चक्कर मारू."

गोळ्यांनी ती त्या वेळी बरी झाली. गोळ्यांनी चेहरा गोल झाला, शाळेत पोरं हसायची म्हणून ती घरी बसायला लागली. दोन वर्षांत तीनदा सुजली. तिची आई लघवी तपासायला इतकी पक्की शिकली होती की धुकं आणि दही यांमधला फरक आम्हाला फोनवर सांगायची. काका तिचं कौतुक करायचे, म्हणजे तिच्यावर ओरडायचे नाहीत.

चौथ्या वेळी ती आली ती तेंदूपत्त्याच्या हंगामात. ते दिवस कसे असतात ते आमच्याकडच्याच माणसाला कळेल. पहाटे सगळं गाव जंगलात, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी फडीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, द्यायचे. बाप पंधरा दिवस फडीवरच मुक्कामाला होता. मुलीला सूज आली. आईनं लघवी तापवली, दही निघालं. दवाखान्यात न्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं, सासू म्हणाली तेंदू संपू दे. मागच्या वेळच्या गोळ्या घरात होत्या, लघवी जास्त होऊन सूज उतरवणाऱ्या. आईनं त्या दिल्या. सूज आहे म्हणून पाणीही कमी केलं. आपण सगळेच तर सांगतो, सुजेत पाणी कमी द्या. मग मुलीला हगवण लागली. तरी गोळी चालूच राहिली, कारण सूज उतरत होती आणि आईला वाटत होतं, लेक बरी होऊन राहिली. अंगातलं पाणी आटत होतं आणि रक्त घट्ट होत होतं.

त्यांना जीपमधून उतरवलं तेव्हा मुलगी डोकं धरून कण्हत होती. उलटी झाली. काकांनी हाक मारली, "आंबागड! ए आंबागड!" तिनं डोळे उघडले आणि ते एकीकडेच बघत राहिले.

आईला सिस्टरनं बाहेर बसवलं. आत डॉक्टर, काका आणि मी. काकांनी हाताची शीर धरली. मी तिचं कोपर धरलं होतं. रक्त सुईत आलं, सिरिंजमध्ये थोडं चढलं आणि अडकलं. काकांनी हलकेच ओढलं. येईना. सुईतच बांधलं गेलं होतं.

"साहेब," काका म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "डोक्यात गाठ झाली असंल. हिले इथं नका ठेवू."

डॉक्टरांबद्दल खरं तेच सांगायला हवं. त्यांनी वाद घातला नाही. सलाईन लावलं, नागपूरला फोन केला, अर्ध्या तासात गाडी निघाली. नागपूरला डोक्याचा फोटो काढला. मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेत गाठ होती.

तीन दिवस काका तिथल्या लॅबमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करत होते. दुसऱ्या दिवशी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. मी त्यांना लॅबमध्ये बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"रक्त पातळ करायचं औषध देऊन राहिले," ते म्हणाले. "पण ते औषध एकटं काहीच करत नाही. त्या सोडवणाऱ्याचा हात धरून काम करते ते. अन् तो तं हिच्या आंगात उरलाच नाही. आता दुसऱ्याच्या रक्तातून भरून राहिले. पाहू."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेरवीला काका मला म्हणाले, "चाल." पेशंटच्या घरी ते कधीच जात नसत. आम्ही बसनं गेलो. आंबागडला उतरलो, पहाडाच्या पायथ्यानं चालत घर शोधलं. अंगणात मांडव होता, माणसं जेवायला बसायच्या बेतात होती. बाप पुढे आला, हात जोडले, पाणी दिलं. आई दिसत नव्हती. मग दिसली. गोठ्याच्या दाराशी, एकटी, मातीत बसलेली. तिच्या आसपास कोणी नव्हतं. सगळे जेवणाच्या पंगतीकडे आणि ती तिकडे.

सासूनं आम्हाला बघून सूर लावला. "या बापा. पाहा, हिनं काय केलं ते. गोळ्या चारून चारून मारली माही नात. पाणी मांगे पोट्टी, तं पाणी बी नाही देल्लं. मी सांगतो, हिले तिच्या मायच्या घरी सोडून या. या घरात नाही पाहिजे."

बाप मान खाली घालून उभा राहिला. त्याचं न बोलणं मला त्या म्हातारीच्या बोलण्यापेक्षा भयंकर वाटलं.

आई उठली. अंगण ओलांडून आली. ती काकांसमोर उभी राहिली.

"काका, तुमी सांगा. खरं सांगा. माह्या गोळीनं झालं का?"

मला माहीत होतं, काका काय म्हणतील. ते कधी कोणाला रिपोर्ट गोड करून सांगत नसत. माझ्या समोर त्यांनी बापांना, आज्यांना, खुद्द सरपंचाला जे होतं ते तोंडावर सांगितलं होतं. मी खाली बघितलं.

"नाही," काका म्हणाले.

"मंग?"

"सुईनं झालं. मी जांघेत सुई टोचली, तिथून गाठ गेली. गोळीचा काही संबंध नाही. तू केलं ते बराबर केलं."

मी वर बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आधी काहीच झालं नाही. मग मुलीचा चुलता पंगतीतून उठला आणि त्यानं काकांची कॉलर धरली. पहिली थप्पड त्यानं मारली. दुसरी बापानं. चष्मा खाली पडला. काकांनी हात वर केला नाही. कोणीतरी मधे पडलं, कोणी म्हणालं म्हातारा आहे, सोडा. आणि त्या गलक्यात मी बघितलं, सासू सुनेजवळ गेली, तिला धरून पंगतीकडे आणलं आणि पाट टाकून बसवलं. एका बाईनं तिच्या हातात पाण्याचा गडवा दिला. ती घटाघटा प्यायली. मला वाटतं, किती तरी दिवसांनी.

बसस्टॉपवर सावली नव्हती. काकांच्या चष्म्याची एक काच फुटली होती. माझा संताप आवरत नव्हता.

"खोटं काहून बोलले तुम्ही? सुई हाताची होती. मी होते तिथं."

"तिले त्या घरात राहाचं हाये."

"मग बिमारीनं झालं म्हणायचं. खरंही होतं."

"बिमारीवर कोणाचं मन भरत नाही, एकोडी. माणूस लागते." त्यांनी फुटका चष्मा काढून खिशात ठेवला. "गोळीनं झालं का, हगवणीनं, का असंच होणार होतं, हे कोणत्याच रिपोर्टात येत नाही. तिच्या डोक्यात तेच फिरन जलमभर."

"तरी खोटं ते खोटंच."

"पूरं खोटं नाही." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "सुई माहीच होती. पोर दुसरी होती."

मग बस येईपर्यंत त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, दुसऱ्या एका गावी. सुजलेली पाच वर्षांची मुलगी. डॉक्टर म्हणाले जांघेतून काढ, यांनी काढलं. आपल्याला जमतं याचा तेव्हा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी पाय सुजला, सगळ्यांना वाटलं बिमारीचीच सूज. तिसऱ्या दिवशी पाय निळा पडला. मग श्वास लागला.

"त्या पोरीचा बाप जाताना माह्या पाया पडला," काका म्हणाले. "म्हणे, तुमी लय केलं. मी त्याले काही सांगितलं नाही. कोणीच मले काही म्हटलं नाही. आजपर्यंत नाही."

गालावर थपडेचा वळ होता. त्यांनी तो एकदा चाचपून पाहिला आणि हात खाली घेतला.

आंबागडची तक्रार आठवड्यात आली. ट्रस्टनं दोन माणसांची समिती बसवली. तोवर डॉक्टर पुढच्या शिक्षणाला निघून गेले होते. त्यांना फोन केला असता तर उलगडा झाला असता, पण फोन करायची कोणालाच गरज वाटली नाही. एक म्हातारा टेक्निशियन चूक कबूल करतोय, एवढं पुरेसं होतं. चौकशीच्या सकाळी काका मला म्हणाले, "तू खरं बोललीस तं ते पलटून त्या मायवरच जाईन. पाह्य बापा."

समितीनं विचारलं, "तुम्ही हजर होतात?"

"हो."

"सुई कुठे टोचली?"

काका खिडकीतून बाहेर बघत होते.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

त्यांना काढलं. निवृत्तीला सात महिने उरले होते. निरोप नाही, नारळ नाही. एका पिशवीत कपडे आणि घड्याळ घेऊन ते सानगडीला गेले. जाताना सिस्टर दारात आल्या नाहीत. जांघेत सुई टोचणारा म्हणून आता त्यांनाही काकांची किळस आली होती. मी बसपर्यंत गेले. ते म्हणाले, "पोरायले चालवत जाजो." बस निघाली.

त्यानंतर मी सानगडीला दोनदाच गेले. जायला हवं होतं, जास्त जायला हवं होतं. गेल्या पावसाळ्यात ते गेले. दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले ते उठले नाहीत. पुतण्यानं सांगितलं, चेहरा झोपल्यासारखा शांत होता.

या उन्हाळ्यात तुमसरच्या बाजारात मला आंबागडची आई भेटली. तिनंच ओळखलं. अंग भरलं होतं, हातात बांगड्या होत्या, कडेवर वर्षभराचा मुलगा. नवरा पुढे भाजी घेत होता. सासू आता हिच्याशिवाय जेवत नाही, म्हणाली. मी मुलाच्या डोळ्यांकडे बघत होते, सवयीनं. सूज नव्हती.

मग तिनं आवाज खाली केला.

"तो म्हातारा हाये का अजून?"

"नाही. गेल्या पावसाळ्यात वारले."

"कसा मेला?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तकलीफ झाली का त्याले?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कडेवरचं मूल तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होतं. "माही पोट्टी तीन दिवस तडफडली. म्हणून विचारून राहिली. झाली का तकलीफ?"

बाजारात कोणीतरी ओरडून भाव सांगत होतं. तिच्या नवऱ्यानं मागे वळून हाक मारली. ती हलली नाही.

"हाव," मी म्हटलं. "लय झाली. महिनाभर अंथरुणावर होते."

तिनं डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नवऱ्याच्या मागे गर्दीत निघून गेली.